प्रारंभसूचीतील दुबार नोंदी : त्यांची ओळख व दुरुस्ती

संगणकाची कळ दाबल्यावर काही क्षणांत नेहमीचा पडदा दिसावा, एवढीच सर्वसाधारण अपेक्षा असते. परंतु काही शाळांत, पंचायत कार्यालयांत व घरगुती संगणकांवर तसे न होता मध्येच एक यादी उभी राहते. कार्यप्रणाली निवडा, अशा अर्थाचे एक इंग्रजी वाक्य वर असते आणि खाली 'विंडोज १०' व पुन्हा 'विंडोज १०' अशा एकाच नावाच्या दोन ओळी असतात. कोणती निवडावी हे यादी सांगत नाही. काहीच न केल्यास तीस सेकंद वाट पाहून यंत्र त्यांपैकी एक ओळ आपणच निवडते. बहुतेक मंडळी हे तीस सेकंद रोज सहन करतात व त्या दुसऱ्या ओळीकडे न पाहण्याची सवय लावून घेतात. एखादा मात्र एके दिवशी धीर करून ती ओळ काढावयास जातो, आणि दुसऱ्या दिवशी संगणक सुरूच होत नाही.

या दोन्ही टोकांना जाण्याचे कारण नाही. दुबार नोंद काढणे हे दहा मिनिटांचे काम आहे. ती नोंद नेमकी कशाची आहे, हे ठरविण्यास मात्र अर्धा तास द्यावा लागतो, आणि खरे काम तेच होय.

हा प्रश्न सध्या पुन्हा पुढे येण्यास एक निमित्तही घडले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीस मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित पाठबळ संपले. तिच्या जागी विंडोज ११ घालावयाची, तर 'टीपीएम' नावाच्या सुरक्षा-चिपची दुसरी आवृत्ती व बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. ज्या यंत्रांत ही सोय आहे तेथे नवी विंडोज बसविली जाते. जेथे नाही तेथे उबुंटूसारखी, किंवा सी-डॅक या केंद्र शासनाच्या संस्थेने तयार केलेली व २००७ साली प्रथम प्रसृत झालेली 'बॉस' ही लिनक्स-आधारित प्रणाली जुनीच्या शेजारी बसविण्याचा मार्ग काही जण पत्करतात. असे प्रत्येक नवे बसविणे प्रारंभसूचीत एका ओळीची भर घालते. जुनी ओळ काढण्याचे काम मात्र ते आपणहून करीलच असे नाही.

कळ दाबल्यापासून पडद्यापर्यंत

कळ दाबताच यंत्राच्या मुख्य फलकावरील एका चिपमध्ये लिहून ठेवलेली छोटी आज्ञावली जागी होते. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात तिचे नाव 'बायोस' असे होते आणि तेच नाव पुढे रूढ झाले. ही बायोस यंत्राचे अवयव जागेवर आहेत की नाहीत हे तपासते व मग हार्ड डिस्कचा पहिला तुकडा वाचते. हा तुकडा अवघ्या ५१२ बाइटांचा असतो. त्यांतील ४४६ बाइट आज्ञांसाठी, ६४ बाइट डिस्कच्या चार विभागांच्या नोंदीसाठी आणि शेवटचे दोन बाइट खुणेसाठी राखलेले असतात. ४४६ बाइटांत किती मावणार? हा परिच्छेदसुद्धा त्यांत मावत नाही. म्हणून तो तुकडा एकच गोष्ट करतो : आपल्याहून थोड्या मोठ्या अशा दुसऱ्या आज्ञावलीस उठवितो, आणि ती तिसरीस उठविते. स्वतःच्या बुटाची वादी ओढून स्वतःलाच उचलून धरावे, तशी ही क्रिया असल्यामुळे इंग्रजीत तिला गंमतीने वादीवरून नाव पडले व त्याचा संक्षेप होऊन 'बूट' हा शब्द उरला. संगणक 'बूट होतो' असे म्हणणाऱ्यास पायातील बूट आठवत असेल, तर तो फारसा चुकत नाही.

या साखळीतील मधली कडी म्हणजे प्रारंभ-व्यवस्थापक. कोणती कार्यप्रणाली कोठे आहे याची एक यादी त्याच्यापाशी असते. यादीत एकच नाव असेल तर तो कोणास न विचारता तीच सुरू करतो. दोन असतील तर विचारतो. विंडोज एक्स्पीपर्यंत ही यादी 'बूट डॉट आयएनआय' नावाच्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असे. २००७ च्या जानेवारीत सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या विंडोज व्हिस्टापासून तिची जागा 'बीसीडी' नावाच्या संग्रहाने घेतली. हा संग्रह साध्या मजकुराप्रमाणे उघडून वाचता येत नाही. त्यासाठी निराळे साधन लागते. लिनक्समध्ये हेच काम 'ग्रब' करतो.

नोंद आणि घर

पंचायतीच्या घरपट्टीच्या वहीशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना पुढील गोष्ट समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. घर पाडले म्हणून वहीतील नाव आपोआप जात नाही, आणि वहीतील नाव खोडले म्हणून घर पडत नाही. घर व नोंद या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गोव्यातील जमिनीच्या नमुना एक व चौदामध्ये वर्षानुवर्षे मृत व्यक्तीचे नाव राहते आणि प्रत्यक्ष कसणारा दुसराच असतो, तद्वतच हे आहे. प्रारंभसूची ही केवळ वही होय. कार्यप्रणाली हे घर होय, आणि ते डिस्कच्या एखाद्या विभागात 'विंडोज' नावाच्या फोल्डरमध्ये उभे असते.

यावरून दुबार नोंदीचे दोन अगदी निराळे प्रकार संभवतात. पहिल्या प्रकारात नोंद आहे परंतु घर नाही. जुन्या प्रणालीचा विभाग कोणीतरी पुसून टाकला, वही मात्र तशीच राहिली. अशी ओळ निवडली असता 'विनलोड' नावाची फाईल सापडत नाही, संगणकास दुरुस्तीची गरज आहे, अशा आशयाचा निळा पडदा येतो. तो पाहून भय वाटते. परंतु यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले व दुसरी ओळ निवडली की सर्व पूर्ववत चालते. नवी आवृत्ती घालण्याचे काम अर्धवट राहिले असता 'विंडोज सेटअप' अशी एखादी ओळ मागे राहते, तीही बहुधा याच जातीची.

दुसऱ्या प्रकारात नोंदीही दोन आणि घरेही दोन असतात. हा प्रकार वरवर निरुपद्रवी दिसतो, कारण कोणतीही ओळ निवडली तरी संगणक व्यवस्थित सुरू होतो. वास्तविक अधिक नुकसान याच प्रकारात होते.

एकाच यंत्रातील दोन कपाटे

एखाद्या गावच्या माध्यमिक शाळेचे कार्यालय डोळ्यांसमोर आणावे. संगणक मंद चालू लागला म्हणून दुरुस्ती करणाऱ्यास बोलाविले. जुन्या कागदपत्रांना धक्का लागू नये या चांगल्या हेतूने त्याने जुनी विंडोज तशीच ठेवली आणि डिस्कच्या दुसऱ्या विभागात नवी विंडोज घातली. प्रारंभसूचीत दोन ओळी झाल्या. मुख्याध्यापक घाईत असल्याने वरची ओळ येऊ देतात. लिपिकास मात्र जुना परिचित पडदा हवा असतो, म्हणून तो खालची निवडतो. तो आठवड्याभरात दहावीच्या विद्यार्थ्यांची गुणपत्रके भरून डेस्कटॉपवर ठेवतो. शनिवारी मुख्याध्यापक संगणक सुरू करतात, तो डेस्कटॉप रिकामा! लिपिक शपथेवर सांगतो की काम पूर्ण झाले आहे. मुख्याध्यापक डोळ्यांनी पाहतात की तेथे काही नाही. दोघेही खरे बोलत असतात. तरीही संशय लिपिकावर येतो, फाईल पुसल्याचा आरोप होतो, किंवा सगळे काम पुन्हा करावयास लावले जाते.

घडले एवढेच असते की एका यंत्रात दोन कपाटे आहेत व प्रत्येक जण आपल्या किल्लीने निराळे कपाट उघडतो आहे. डेस्कटॉप, 'डॉक्युमेंट्स', मुद्रकाची जोडणी, मराठी टंकलेखनाची सोय, यांतील प्रत्येक गोष्ट प्रत्येक प्रणालीची स्वतंत्र असते.

गोंधळात भर घालणारी आणखी एक गोष्ट येथे नीट ध्यानी घ्यावी. बाहेरच्या सीडीवरून वा पेन ड्राइव्हवरून बसविलेली प्रत्येक विंडोज आपल्या स्वतःच्या विभागास 'सी' म्हणते आणि शेजारच्या विभागास 'डी' किंवा पुढचे एखादे अक्षर देते. म्हणजे पहिल्या प्रणालीतून जो 'सी' दिसतो तोच दुसऱ्या प्रणालीतून 'डी' दिसतो. सबब "जुनी विंडोज डी मध्ये आहे, ती काढून टाक" हा निरोप ज्या पडद्यावर बसून दिला, त्याच पडद्यावर खरा असतो. दुसऱ्या पडद्यावर बसलेल्याने तो शब्दशः पाळला, तर चालू कामाची प्रणाली नष्ट होईल. विभागांची अक्षरे ओळखीसाठी कधीही प्रमाण मानू नयेत. विभागाचा आकार व त्याचे नाव हीच खरी ओळख होय. विभागावर उंदराची उजवी कळ दाबून 'रीनेम' केले व 'जुनी २०१९' किंवा 'नवी २०२५' असे नाव दिले, तर ते नाव त्या विभागावरच लिहिले जाते आणि कोणत्याही प्रणालीतून तेच दिसते. हे करावयास एक मिनिट लागते. दुरुस्तीस येणारी माणसे हे एक मिनिट का वाचवितात, हे समजणे कठीण आहे.

गुणपत्रके शोधावयाची, तर नव्या प्रणालीतूनच शेजारचा विभाग उघडावा, त्यातील 'युजर्स' या फोल्डरमध्ये जुन्या वापरकर्त्याचे नाव असते त्यात जावे, व तेथील 'डेस्कटॉप' पाहावा. या फोल्डरमध्ये जाण्याची परवानगी नाही, असे संगणक एकदा सांगेल. 'कंटिन्यू' दाबल्यावर बहुधा वाट मोकळी होते. फाईली तेथून नव्या प्रणालीत उतरवून घ्याव्या व त्यांची आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर करावी. ही प्रत झाल्याखेरीज प्रारंभसूचीस हात लावू नये.

विंडोज ७, ८, १० व ११ मधील दुरुस्ती

जी प्रणाली कायम ठेवावयाची, ती सुरू करून तिच्यातूनच दुरुस्ती करावी. कळफलकावरील विंडोजच्या चिन्हाची कळ धरून 'आर' दाबले असता एक लहान चौकट उघडते. तीत 'एमएसकॉन्फिग' हा शब्द, म्हणजे एम, एस, सी, ओ, एन, एफ, आय, जी ही आठ इंग्रजी अक्षरे सलग लिहून एंटर दाबावे. उघडलेल्या खिडकीत 'बूट' नावाचे पान असते. त्यावर प्रारंभसूचीतील ओळी दिसतात आणि, सूचीत जे दिसत नाही तेही दिसते : प्रत्येक ओळीपुढे तिच्या फोल्डरचा पत्ता असतो. ज्या ओळीपुढे 'करंट ओएस' असे लिहिले आहे ती या क्षणी चालू असलेली प्रणाली होय. 'डिफॉल्ट ओएस' असे लिहिलेली ओळ यंत्र आपणहून निवडते. पुष्कळदा हे दोन्ही शेरे एकाच ओळीस असतात, पण नेहमीच नाही. तसे नसेल तर प्रथम चालू प्रणालीची ओळ निवडून 'सेट ॲज डिफॉल्ट' दाबावे. नंतर दुसरी, नको असलेली ओळ निवडून 'डिलीट' दाबावे, मग 'अप्लाय' व 'ओके'. संगणक पुन्हा सुरू करण्याची परवानगी मागेल, ती द्यावी.

सर्वसाधारण यंत्रासाठी एवढे पुरेसे आहे. यादीत एकच ओळ उरली की यादी दिसण्याचेच बंद होते व ते तीस सेकंदही वाचतात. दोन्ही प्रणाली ठेवावयाच्या असतील तर याच पानावरील 'टाइमआउट' या चौकटीत तिसाऐवजी दहा लिहावे. तीनपेक्षा लहान आकडा ही चौकट स्वीकारत नाही.

ज्या यंत्रात डिस्क सांकेतिक कुलपाने बंद केलेली असते, म्हणजे 'बिटलॉकर' चालू असते, तेथे प्रारंभाच्या नोंदींत बदल केल्यावर संगणक ४८ अंकी पुनःप्राप्ती-क्रमांक विचारू शकतो. हा क्रमांक हाती नसेल, तर डिस्कवरील मजकूर मालकासही उघडता येत नाही. सबब कुलूप आहे किंवा काय हे 'कंट्रोल पॅनेल'मधून आधी पाहावे, असल्यास क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा व काम होईपर्यंत संरक्षण तात्पुरते थांबवावे. नव्या यंत्रांत हे कुलूप मालकाच्या नकळत चालू झालेले असते, हे विशेष लक्षात ठेवावे.

वरील पानावरून ओळ ओळखता आली नाही, तर 'बीसीडीएडिट' हे साधन वापरावे. यासाठी 'कमांड प्रॉम्प्ट' प्रशासकाच्या अधिकाराने उघडावा लागतो. तेथे नुसते 'बीसीडीएडिट' लिहून एंटर दाबले असता सर्व नोंदी सविस्तर दिसतात. प्रारंभी प्रारंभ-व्यवस्थापकाची स्वतःची नोंद असते. तिला कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये. त्याखाली प्रत्येक प्रणालीची एकेक नोंद येते. तिच्यात 'डिव्हाइस' या शब्दापुढे विभागाचे नाव असते. येथे विभागाऐवजी 'अननोन' हा शब्द दिसला, तर समजावे की वहीत नाव आहे पण घर उरलेले नाही. यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळत नाही. बदल करण्यापूर्वी त्याच साधनास 'एक्स्पोर्ट' ही आज्ञा देऊन, पुढे फाईलचा पत्ता लिहून, संपूर्ण वहीची प्रत काढून ठेवता येते, आणि चूक झाल्यास 'इंपोर्ट' या आज्ञेने ती परत घालता येते. नको असलेली नोंद 'डिलीट' या आज्ञेपुढे तिचा ओळख-क्रमांक लिहून काढतात. हा क्रमांक महिरपी कंसातील बत्तीस अक्षर-अंकांचा असतो. तो हाताने लिहिण्याच्या फंदात न पडता पडद्यावरूनच उचलून चिकटवावा. चालू प्रणालीची ओळख मात्र क्रमांकाऐवजी 'करंट' या शब्दाने दाखविलेली असते, त्यामुळे ती चुकून काढली जाण्याचा संभव कमी होतो.

दोन्ही घरे राखावयाची असून केवळ नावे सारखी असल्याने घोटाळा होत असेल, तर काढण्यासारखे काहीच नसते. याच साधनाच्या 'सेट' आज्ञेने 'डिस्क्रिप्शन' बदलून एका ओळीस 'विंडोज १० कार्यालय' व दुसरीस 'विंडोज १० विद्यार्थी' अशा अर्थाचे इंग्रजी अक्षरांतील नाव देता येते. शाळेत हा उपाय अनेकदा सर्वांत उत्तम ठरतो.

जुने घर पाडण्यापूर्वी

नोंद काढली तरी जुनी विंडोज डिस्कवर जागा अडवून बसलेली असते. ती जागा मोकळी करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र संगणक कायमचा बंद पडण्याचे प्रसंग नेमके याच पायरीवर येतात. कारण असे की दुसरी विंडोज बसविताना प्रारंभ-व्यवस्थापक व त्याची वही पुष्कळदा जुन्याच विभागात राहते. नवी प्रणाली दुसरीकडे उभी असते, परंतु तिच्याकडे जाणारी वाट जुन्या घराच्या ओसरीतून जाते. ओसरीसकट घर पाडले की वाटच उरत नाही.

हे तपासण्यासाठी 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. तेथे डिस्कचे विभाग पट्ट्यांच्या रूपाने दिसतात व प्रत्येकात काही शब्द लिहिलेले असतात. त्यांपैकी 'बूट' आणि 'सिस्टीम' हे दोन महत्त्वाचे. येथे मायक्रोसॉफ्टने भल्याभल्यांना चकविणारी परिभाषा स्वीकारली आहे : ज्या विभागावर 'बूट' लिहिलेले असते त्यात कार्यप्रणाली असते, आणि ज्यावर 'सिस्टीम' लिहिलेले असते त्यात प्रारंभाच्या फाईली असतात. सामान्य बुद्धीस याच्या नेमके उलट वाटेल. म्हणून येथे शब्दांवर न जाता एकच नियम पाळावा : ज्या विभागावर 'सिस्टीम' किंवा 'ॲक्टिव्ह' असे लिहिले आहे, तो विभाग पुसू नये. विंडोज ७ पासून स्वच्छ डिस्कवर बसविलेल्या प्रणालीत प्रारंभाच्या फाईलींसाठी सुरुवातीसच एक छोटा स्वतंत्र विभाग राखलेला असतो. विंडोज ७ मध्ये तो १०० मेगाबाइटांचा असे. एवढासा विभाग निरुपयोगी समजून पुसणारेही आढळतात.

जुन्या विंडोजच्याच विभागावर 'सिस्टीम' असे लिहिलेले आढळले, तर प्रारंभाच्या फाईली प्रथम नव्या ठिकाणी नव्याने तयार कराव्या लागतात. त्यासाठी 'बीसीडीबूट' नावाचे साधन विंडोजमध्येच आहे. परंतु हे काम पहिल्यांदाच करणाऱ्याने कार्यालयाच्या एकुलत्या एका यंत्रावर करू नये. जागेची फार निकड नसेल तर जुना विभाग तसाच ठेवून त्यातील केवळ कागदपत्रे हलवावीत.

विंडोज एक्स्पीची यंत्रे

एक्स्पीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. तथापि एखादे जुने उपकरण चालविण्यापुरते असे यंत्र कोठे कोठे शिल्लक असते. त्यातील बूट डॉट आयएनआय ही फाईल 'सिस्टीम प्रॉपर्टीज'मधील 'ॲडव्हान्स्ड' पानावरून, 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' या भागातील 'एडिट' दाबून उघडता येते. फाईलमध्ये प्रत्येक प्रणालीची एक ओळ असते व तीत डिस्कचा आणि विभागाचा क्रमांक असतो. डिस्क शून्यापासून मोजतात आणि विभाग एकापासून. असे का, याचे समाधानकारक उत्तर शोधत बसू नये. परंतु शून्य व एक यांची अदलाबदल झाल्यास यंत्र सुरू होणार नाही. नको असलेली एक संपूर्ण ओळ खोडावी, आणि वरच्या भागातील 'डिफॉल्ट' या शब्दापुढील पत्ता उरलेल्या ओळीच्या पत्त्याशी अक्षरशः जुळतो हे पाहावे.

लिनक्सच्या सोबतीने

बॉस किंवा उबुंटू विंडोजच्या शेजारी बसविल्यावर यादी दाखविण्याचे काम ग्रबकडे जाते. त्याच्या यादीत लिनक्सच्या चार-पाच ओळी दिसू लागल्या म्हणून चिंता करू नये. प्रणालीचा गाभा अद्ययावत झाल्यावर आधीचा गाभा मुद्दाम राखून ठेवलेला असतो, नवा बिघडल्यास जुन्याने काम चालावे म्हणून. या ओळी दुबार नसून राखीव होत. अतिजुने गाभे 'ऑटोरिमूव्ह' या आज्ञेने प्रणाली स्वतःच विचारपूर्वक काढते. ते हाताने पुसू नयेत.

विंडोजच्या दोन ओळी दिसण्याचे कारण मात्र वेगळे असते. ग्रबच्या मदतीस 'ओएस प्रोबर' नावाचा एक शोधक असतो. तो सर्व विभागांतून फिरतो व जेथे विंडोजच्या प्रारंभाच्या खुणा दिसतात तेथे एक प्रणाली आहे असे धरतो. उपरिनिर्दिष्ट छोट्या विभागात या खुणा असतात, आणि कधीकधी दुरुस्तीसाठी राखलेल्या विभागातही असतात. म्हणून घर एकच असूनही नोंदी दोन होतात. ग्रबची अंतिम यादी असलेली फाईल उघडून तीतून ओळ खोडणे हा उपाय नव्हे. ती फाईल प्रत्येक अद्ययावतीकरणात नव्याने लिहिली जाते व खोडलेली ओळ परत येते. बदल 'ईटीसी' या फोल्डरमधील 'डिफॉल्ट' फोल्डरात असलेल्या 'ग्रब' या फाईलमध्ये करावा, नको असलेला विभाग शोधकाने वगळावयाच्या यादीत घालावा, आणि 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा द्यावी. २०२१ साली आलेल्या ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून हा शोधक मुळातच बंद ठेवलेला असतो. त्यामुळे काही ठिकाणी उलटाच अनुभव येतो व विंडोजची ओळच नाहीशी होते. विंडोज पुसली गेलेली नसते. त्याच 'ग्रब' फाईलमध्ये शोधकास परवानगी देताच ओळ परत येते.

लिनक्स नको झाली म्हणून तिचा विभाग विंडोजमधून पुसणे, ही जुन्या बायोसच्या यंत्रांत होणारी नेहमीची चूक आहे. डिस्कच्या पहिल्या तुकड्यात ग्रबचा लहानसा भाग उरतो, त्याचा बाकीचा भाग मात्र पुसलेल्या विभागात गेलेला असतो. परिणामी काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढेच शब्द येतात. विंडोजच्या मूळ सीडीवरून वा पेन ड्राइव्हवरून दुरुस्तीचा पर्याय निवडून 'बूटरेक' साधनाने पहिला तुकडा पुन्हा लिहिला की विंडोज सुरू होते. सबब ती सीडी वा पेन ड्राइव्ह हाताशी असल्याखेरीज लिनक्सचा विभाग पुसावयास जाऊ नये.

फर्मवेअरमधील यादी

अलीकडच्या यंत्रांत बायोसच्या जागी 'यूईएफआय' आलेली आहे. तिच्यात पहिल्या ५१२ बाइटांचे बंधन नाही. प्रत्येक प्रणाली आपली प्रारंभ-फाईल एका सामाईक छोट्या विभागात ठेवते, आणि तिची नोंद मुख्य फलकावरील न पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत होते. म्हणजे येथे वह्या दोन झाल्या : एक डिस्कवरची व दुसरी फलकावरची. डिस्क बदलली तरी फलकावरची वही तशीच राहते. जुन्या हार्ड डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या एसएसडीवर करून दोन्ही डिस्क यंत्रात ठेवल्या, तर 'विंडोज बूट मॅनेजर' हे नाव फलकावरील यादीत दोनदा दिसू लागते, आणि यंत्र नव्या डिस्कऐवजी जुन्याच डिस्कवरून सुरू होत राहण्याची शक्यता असते. संगणकास वेग आला नाही अशी तक्रार अशा वेळी होते, व दोष बिचाऱ्या नव्या डिस्कवर जातो. काढून टाकलेल्या उबुंटूचे नाव या यादीत राहणे हाही याच जातीचा प्रकार. लिनक्समधून 'ईएफआयबूटएमजीआर' या साधनाने अशी नोंद तिच्या क्रमांकावरून काढता येते. काही यंत्रांत फर्मवेअरच्या पडद्यावरूनच ती काढण्याची सोय असते, काहींत नसते.

नक्कल केलेल्या डिस्कच्या बाबतीत यादी दुरुस्त करण्यापूर्वी यंत्र बंद करावे, विजेची तार काढावी, जुन्या डिस्कची जोडणी सोडवावी आणि केवळ नव्या डिस्कवर यंत्र एकदा सुरू करून पाहावे. ते नीट चालले, कागदपत्रे उघडली, मुद्रक चालला, म्हणजे मग यादीत दुसरे नाव उरले आहे का हे पाहावे. जुनी डिस्क लगेच पुसू नये. तिच्यावर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ती परीक्षेचा निकाल लागेपर्यंत, किंवा पंचायतीत वार्षिक हिशेबतपासणी होईपर्यंत, कपाटात ठेवावी.